वाळवी न लागलेलं छत

आमच्या गावच्या माजी सैनिक सभागृहाचं सागवानी छत वाळवीनं खाल्लंय असं सांगून संघटनेच्या अध्यक्षांनी ठरावावर सगळ्यांच्या सह्या घेऊन ते उतरवलं, आणि निपाणीजवळ महामार्गावर आपल्या जावयाच्या हॉटेलावर चढवलं. फसवणारे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मानद कॅप्टन. फसलेले बावीस फौजी, आणि त्यांत माझे वडील आप्पा, निवृत्त नाईक. आता उरलेल्या भिंती पाडून तिथं दुकानाचे गाळे काढायचं घाटतं आहे. ते थांबवायचं तर तक्रार अर्जावर सभासदांच्या सह्या हव्यात, आणि आप्पा सही करत नाहीत. "ठरावावर कॅप्टनसाहेबांची सही हाय," एवढंच बोलतात आणि रेडिओ लावतात.

माझी खानापुरात जुन्या लाकडाची वखार आहे. पाडलेल्या घरांच्या तुळया आणि चौकटी घासाघीस करून घेतो, घासाघीस करून विकतो. छत उतरलं त्या आठवड्यात मी दांडेलीला लाकूड बघायला गेलो होतो, नाहीतर ते उतरलं नसतं. त्याच धाटणीची, तितकीच जुनी सभागृहं अजून उभी असतील तर ती बघून यावीत आणि आप्पांपुढे पुरावा ठेवावा, असं ठरवून एका सकाळी पिशवीत लाकूड तपासायचा टोचा आणि बॅटरी टाकली आणि बेळगावची बस धरली.

तिथल्या लष्करी कॅम्पात शिरलं की रस्ते रुंद होतात आणि झाडांच्या बुंध्यांनाही गणवेश येतो, खाली गेरू, वर चुना. तिथलं सभागृह इंग्रजाच्या काळचं. काळ्या दगडाच्या भिंती, कमानीच्या खिडक्या, पुढे व्हरांडा, वर कौलं. दर्शनी बाजूला तीन दारं. मधलं उंच, त्याला रुंद पायऱ्या. कडेची दोन इतकी बुटकी की माझ्यासारख्यालाही मान वाकवावी लागते. मी मधल्या दाराकडे निघालो तर पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली. निवृत्त शिपाई होता, वय सत्तरीचं.

"ते साहेब लोकांचं दार. तुमी बाजूनं या."

साहेब कुठं आहेत, मी विचारलं.

"मेलेत की कवाच."

"मग?"

"दार हाय न्हवं अजून."

यावर भांडता येत नाही. मी वाकून आत गेलो. आत बैठकीचीही तीच शिस्त होती. पुढे टॉवेल अंथरलेले सोफे, मग गादीच्या खुर्च्या, मग प्लॅस्टिकच्या आणि भिंतीला टेकून बाकडी. कुणाच्या बुडाला किती कापूस, हे हुद्द्यावरून ठरवणारी वास्तुकला जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला कळवावं. छताच्या कैच्या (त्रिकोणी लाकडी सांगाडे) मात्र बघत राहाव्यात अशा. व्हरांड्याच्या वाशाला टोचा लावला. टोक तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा आत गेलं नाही.

बाहेर पडताना आमचं सभागृह डोळ्यांपुढे आलं. ते इंग्रजानं बांधलेलं नव्हतं. सुट्टीवर आलेल्या जवानांनी स्वतः दगड वाहून बांधलं होतं. तरी त्यालाही तीन दारं होती, आणि मधलं उंच होतं.

सांबऱ्याच्या वाटेवरच्या सभागृहाचं नूतनीकरण झालं आहे, म्हणजे दगडाला गुलाबी रंग आणि छताखाली पांढरं प्लास्टरचं छत. आत साड्यांचा सेल लागला होता. दारातला विक्रेता "बर्री, बर्री (या, या)" करत मागे लागला. मला वर चढून प्लास्टरच्या मागचं लाकूड बघायचं आहे, हे त्याला तीन भाषांत सांगितलं, तिन्ही भाषांत त्यानं मला साडी दाखवली. शेवटी सौदा ठरला, मी एक साडी घ्यायची आणि त्यानं शिडी द्यायची. मोरपंखी रंगाची निवडली. आयुष्यात लाकूड बघण्यासाठी मी पुष्कळ खटपटी केल्या आहेत, साडी पहिल्यांदाच घेतली. दिव्याच्या भोकातून बॅटरी मारली. वर कोळिष्टकं, पारव्यांची घरटी आणि खणखणीत साग.

उचगावच्या पुढे एका खेड्यात तिसरं सभागृह पाहिलं. जांभ्या दगडाचं, ठेंगणं, शोभेचा एक दगड नाही. त्याला दार एकच होतं. किल्ली एका निवृत्त नायब सुभेदारांकडे होती. फौजेत ते कारकून होते. त्यांच्या घरी मला आग्रहानं जेवायला बसवलं. सुवासिक भात, वर आमटी, शेजारी वांग्याची भाजी. मी जेवता जेवता माझं गाऱ्हाणं ओकलो. बावीस माणसांना वाळवी दिसली नाही, तरी बाविसांनी सही केली, हे कसं, असं विचारलं. त्यांनी भाताची मूद मोडली आणि उलट मलाच विचारलं, की तुमच्याकडे ठरावाचं रजिस्टर सहीला कुठून फिरतं. मी म्हटलं, कॅप्टनसाहेबांपासून, मग हुद्द्यानं खाली.

"तिथंच चुकलं बघा, अण्णा. कोर्ट मार्शलमधी पयलं मत कोण देतंय? सगळ्यात धाकटा. मोठ्यानं आधी तोंड उघडलं, तर धाकटं काय बोलणार? आमच्या हितं सही खालनं सुरू हुतीय. अध्यक्ष शेवटी. लई चिडतोय, पर करतोय."

म्हणजे औषध फौजेतच होतं. आमच्या लोकांनी गावी येताना सॅल्यूट तेवढा आणला.

तिथून निपाणी गाठली. हॉटेल लांबूनच दिसलं. आमचं छत मी जन्मात विसरणार नाही. त्याच्या कैच्यांना लोखंडी पट्ट्या नाहीत, जवानांनी हातानं तासलेल्या लाकडी खुंट्या आहेत. त्या खुंट्यांना आता बैलगाडीची चाकं आणि कंदील टांगलेत, लाकडावर चकचकीत पॉलिश चढवलंय. खाली बसून मेनूकार्ड उघडलं तर पहिलंच नाव 'फौजी थाळी'. मी मागवली. तांबडा रस्सा चांगला होता, हे रागातही कबूल करतो. जावई स्वतः विचारपूस करायला आला. लाकूड कुठलं, मी विचारलं.

"चिकमगळूरच्या जुन्या बंगल्याचं. ओरिजिनल."

खानापूरचा साग चिकमगळूर फिरून निपाणीला पोचला, एवढा प्रवास मीही केला नव्हता. मी खुर्चीवर चढलो, सगळ्यांदेखत खुंटीशेजारी टोचा मारला. टोचा वाकला. त्यानंतर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. दोन वेटरांनी मला काखेत हात घालून रस्त्यापर्यंत सोडलं. साडीची पिशवी मागून आली.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. खणखणीत साग, पारवे, वाकलेला टोचा, कशानंही ते हलले नाहीत. कोर्ट मार्शलचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी रेडिओ बंद केला.

"व्हय. मी पहाऱ्यावर हुतो तवा ऐकलंय. धाकटाच आधी बोलतोय." मग म्हणाले, "आमच्यात सगळ्यात धाकटा मारुती."

मारुती हा लांगरी (फौजेतला स्वयंपाकी) होता. ठरावावर सगळ्यांत खाली त्याचं नाव आहे. आप्पांनी चपला घातल्या आणि पुढे चालू लागले. मारुती परड्यात मिरच्या वाळत घालत होता. छताचं विचारताच म्हणाला, की पावसाआधी दरसाल कौलं तोच चाळायचा, सगळं छत हातापायांनी फिरलेला, एक वासा कुजका नव्हता.

"मग तवा का बोलला न्हाईस रं?" आप्पांनी विचारलं.

"रजिस्टर माझ्याकडं आलं तवा वर बावीस सह्या हुत्या. समदी मोठी मानसं. मी म्हटलं, आसंल वाळवी. साहेबास्नी दिसली आसंल."

मी अर्ज पुढे केला. मारुतीनं पहिली सही केली. मी कागद आप्पांपुढे धरला तर त्यांनी हात मागे घेतला. मधे सहा शिपाई आहेत, त्यांच्या आधी नाइकानं कशी करायची? तेव्हा मला सहा घरं फिरावी लागली. आठवी सही आप्पांची आहे. त्यांनी ती अर्ज पुरता वाचून केली, चष्मा पुसून.

एकवीस सह्या झाल्या आहेत. बाविसावा सभासद पुण्याला मुलाकडे आहे, तोही येतोय. शेवटची जागा अध्यक्षांची, ती रिकामी आहे. कॅप्टनसाहेब, रविवारी सकाळी दहा वाजता त्या उघड्या भिंतींमध्ये या आणि वाळवी तुम्ही कोणत्या वाशाला पाहिलीत ते सांगा. आधी मारुती बोलेल. मग तुम्ही उत्तर द्या.