खाडीच्या तोंडावरची खोटी हाक

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गुन्ह्यातला कुठला पंच, हे मला धड सांगता येत नाही. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतला तो दिवस मात्र जसाच्या तसा समोर उभा राहतो. नावे मी कुणाचीच घेणार नाही. आरोपीने शिक्षा भोगून संपवली आहे, आणि ज्यांनी चांगले काम केले त्यांना नाव छापून आणायची हौस नाही.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शर्यत दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी रेवदंड्याहून आगरदांड्यापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून हरिहरेश्वरापर्यंत. लहान शिडाच्या होड्या, प्रत्येकीत दोघे जण, इंजिन नाही. अशा होडीला समुद्रात एकटे सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर सोबतीला इंजिनाच्या होड्या ठेवल्या होत्या. त्या सगळ्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या. आयोजकांनी फक्त डिझेल दिले होते. बाकी ही माणसे दोन दिवसांची मासेमारी सोडून आपखुशीने आली होती.

त्यांचे पुढारपण एका वयस्कर नाखव्याकडे होते. राजपुरीच्या बाजूचे मुसलमान कुटुंब, तरुणपण आखातात बोटीवर गेलेले, आता स्वतःची होडी. गुडघे दुखायचे, पण होडीवर चढला की गडी वेगळाच दिसायचा. दुसरी लक्षात राहण्यासारखी व्यक्ती म्हणजे रेवदंड्याची एक कोळी बाई. आमच्याकडे बायका मासळी विकतात, समुद्रात सहसा जात नाहीत. ही मात्र भावाची होडी स्वतः चालवायची. होडीवर तिचे दोन भाचे खलाशी, म्हणून सगळे बंदर तिला आत्या म्हणायचे.

शर्यतीतल्या आणि सोबतीच्या प्रत्येक होडीला एक वायरलेस सेट दिला होता. कंट्रोल राजपुरीजवळच्या एका टेकाडावर होते आणि तिथे एका शाळेतले गणिताचे मास्तर बसले होते. आमची गस्तीची बोट मी राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर उभी केली होती. बंदोबस्ताच्या दृष्टीने तीच मोक्याची जागा. जाणारी-येणारी प्रत्येक होडी तिथून दिसते.

दुपार व्हायच्या आत सेटवर पुरुषाचा घाबरा आवाज आला. "नांदगावच्या पश्चिमेला शिडाची होडी उलटली. दोघं पाण्यात हायेत. लवकर या, लवकर!" मास्तरांनी लगेच विचारले, "कोण बोलतंय? होडी कोणती?" उत्तर आले नाही.

अशा वेळी कुणी विचार करत बसत नाही. नाखव्याने होडी वळवली, त्याच्या मागे बाकीच्यांनी वळवल्या. मी गस्तीच्या बोटीला हुकूम दिला आणि आम्हीही निघालो. खाडीचे तोंड मोकळे पडले.

नांदगावच्या पश्चिमेला आम्ही पाणी पिंजून काढले. शीड नाही, माणूस नाही, काही नाही. तोवर वारा चढला होता. मास्तरांनी कंट्रोलवरून शर्यतीतल्या एकेका होडीला हाका घालायला सुरुवात केली. सगळ्यांनी उत्तरे दिली, फक्त एक होडी गप्प होती. तिच्यात कॉलेजच्या दोन मुली होत्या.

तेवढ्यात आत्याचा आवाज आला. "मास्तर, दोन्ही पोरी माझ्याकडं हायेत. कासा किल्ल्याच्या खाली. डोलकाठी मोडली त्यांची. पानी प्यायल्यात, पन जित्या हायेत."

आम्ही होतो त्या जागेपासून कासा किल्ला बराच दक्षिणेला. सगळ्या सोबतीच्या होड्या उत्तरेला धावल्या तेव्हा आत्या एकटी जागेवर थांबली होती. नंतर जबाबात मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "साहेब, तिकडं जायाला सगळीच निघाली. माझ्या म्होरं पाच-सहा शिडं व्हती, वारा वाढत व्हता. मी बी गेली असती तर त्या पोरांना कोन व्हतं? जीव तिकडं ओढत व्हता, पन मी न्हाय गेली."

मुलींच्या शिडाला वाऱ्याचा मोठा झपाटा बसला, डोलकाठी मोडली आणि होडी पालथी झाली. आत्याच्या भाच्यांनी दोर टाकून मुलींना वर घेतले. त्यातली एक होडीच्या दोरात पायाने अडकली होती. आत्याने स्वतः ओणवे होऊन कोयत्याने दोर कापला. आणखी थोडा उशीर झाला असता तर मला त्या दिवशी वेगळाच पंचनामा करावा लागला असता.

लोकांना वाटले, याच मुलींनी हाक दिली असेल, घाबरून जागा चुकीची सांगितली असेल. मला ते पटेना. हाक पुरुषाची होती. आगरदांड्याच्या जेटीवर मुलींच्या अंगावर घोंगड्या होत्या, हातात चहाचे पेले होते. मी विचारले तेव्हा त्यातली थोरली म्हणाली, "सर, आम्ही सेटला हातसुद्धा लावला नाही. तो पिशवीतच राहिला, पिशवीसकट बुडाला."

म्हणजे हाक दुसऱ्याच कुणीतरी दिली होती, तीही मुलींची होडी उलटण्याच्या आधी. गंमत म्हणून कुणी असे करेल, असे एका शिपायाने सुचवले. मी अनेक वर्षे पोलिसात काढली आहेत. एवढी मोठी गंमत फुकट कुणी करत नाही.

कारण कळायला वेळ लागला नाही. जेटीवरचा एक रिक्षावाला माझ्या ओळखीचा होता. गर्दीतून वाट काढत तो बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमची बोट गेली आन् लगेच एक मोठी होडी भरतीबरोबर आत शिरली. वर जाळी टाकलेली, पन पाण्यात लय खोल बसलेली. मासळीनं एवढी बसत न्हाय."

मासळीने बसत नाही, डिझेलने बसते. बाहेर समुद्रात जहाजांवरून चोरटे डिझेल उतरवून घ्यायचे आणि खाडीतून गुपचूप किनाऱ्याला लावायचे, हा धंदा आमच्या भागात मुरलेला होता. शर्यतीमुळे माझी बोट दिवसभर तोंडावर उभी होती आणि भरलेली होडी बाहेर अडकली होती. तिला आत यायला मी तिथून हलणे गरजेचे होते. मला हलवायला त्यांनी बुडत्या माणसाची हाक वापरली होती.

मास्तर टेकाडावरून खाली आले होते. सगळे एकदम बोलतात आणि काही कळत नाही, म्हणून त्यांनी सकाळपासूनचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले होते. ठाण्यात बसून आम्ही ती हाक पुन्हापुन्हा ऐकली. समुद्रावरून बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मागे वाऱ्याचा आणि इंजिनाचा गोंगाट होता. या हाकेमागे तो नव्हता. शेवटी शेवटी एक लांब भोंगा मात्र ऐकू येत होता.

माझा हवालदार म्हणाला, "साहेब, हा तर आगरदांड्याहून सुटणाऱ्या आपल्या दिघीच्या फेरीबोटीचा भोंगा!"

हाक नांदगावच्या समुद्रातून आलीच नव्हती. ती आगरदांड्याच्या जेटीवरून दिली गेली होती.

आता प्रश्न एवढाच होता की त्या वेळी जेटीवर सेट कुणाकडे होता. आयोजकांना विचारले. सोबतीला नाव दिलेला एक जण सकाळीच आगरदांड्याला मागे फिरला होता, इंजिन बिघडले म्हणून. सेट त्याच्याकडेच राहिला होता. हा माणूस होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा मेकॅनिक. सगळा किनारा त्याला ओळखायचा. नाखव्याच्या घरी तर त्याचे जेवणखाण असायचे. जो दुसऱ्यांची इंजिने चालू करतो त्याचेच इंजिन नेमके त्या दिवशी बंद पडावे, हे मला खटकले. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी त्याला चौकशीसाठी बोलावून घेतले.

तो शांतपणे आला. चौकशीत मी आरडाओरडा करत नाही. आधी चहा मागवतो आणि माणसाला बोलू देतो. खोटे बोलणाऱ्याला बोलायला जितकी जागा द्याल तितका तो स्वतःच्या बोलण्यात गुंतत जातो. तो म्हणाला, "साहेब, सेटची बॅटरी सकाळीच उतरली. म्हणून तर मी तो बंद करून ठेवला." हवालदाराने सेट चालू केला. बॅटरी भरलेली. "मग मी नंतर चार्ज केली असेल," तो म्हणाला. जेटीवर काय करत होतास, तर शर्यत बघत होतो. भोंग्याचे रेकॉर्डिंग ऐकवले तर म्हणाला, "जेटीवर शंभर माणसं असतात, साहेब." त्यात तथ्य होते. माझ्याकडे संशय होता, पुरावा नव्हता. आणि खाडीत कुठेतरी दडलेला माल अंधार पडला की हलणार, हे दोघांनाही माहीत होते.

त्याच वेळी नाखवा जबाब द्यायला ठाण्यात आला. कपडे अजून ओले, एक पाय ओढत चाललेला. मेकॅनिकला कशासाठी बसवले आहे, याची त्याला कल्पना नव्हती. तो थेट त्याच्या शेजारी बाकावर बसला. शिपाई त्याला उठवणार होता, मी डोळ्यानेच थांबवले.

"तुझं इंजिन बिघडलं, बरं झालं बघ," नाखवा त्याला म्हणाला. "आज काय बेहाल झाले सांगू. नांदगावला पोचलो, लाटांत काळं कायतरी दिसलं. मला वाटलं माणसाचं डोकं. गुडघ्याचा इचार न्हाय केला, उडी टाकली. हात लावला तर जाळ्याचा तरंगता बोया. पोरांनी मला वर ओढला. इकडं ह्या दोन पोरी खरंच मरता मरता वाचल्या. अल्लाचा शुकर."

मेकॅनिक मान खाली घालून बसला होता. नाखव्याला वाटले, येता आले नाही म्हणून हा खट्टू झाला आहे. त्याने मेकॅनिकच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, वाईट कशाला वाटून घेतोस? इंजिन चालू असतं तर माझ्या आधी तूच पाण्यात गेला असतास. मी काय तुला वळखत न्हाय?"

मेकॅनिकने हातातला पेला बाकावर ठेवला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडायला लागला. "चाचा, ती हाक मीच दिली," तो म्हणाला. "कोण पाण्यात पडेल असं न्हाय वाटलं मला. खरंच न्हाय वाटलं."

नाखवा रागावला नाही, त्याने शिवी दिली नाही. पाठीवरचा हात तेवढा काढून घेतला. त्या खोलीत मी कितीतरी माणसांना मार खाण्याच्या भीतीने कबुली देताना पाहिले आहे. विश्वासाने मोडलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितलेल्या जागी माल सापडला तर तेवढी गोष्ट चालते. म्हणून मी पंच बोलावले आणि त्याचे निवेदन नोंदवले. भरलेली होडी खाडीच्या आतल्या एका फाट्यात, कांदळवनात दडवली होती. अडचण एकच होती. ओहोटी लागली होती आणि त्या उथळ पाण्यात आमची बोट शिरणार नव्हती. पाणी परत चढेपर्यंत थांबलो तर होडीही निसटणार.

नाखवा उठला. "माझी लहान होडी वल्ह्यावर चालते. चला." बाहेर येऊन त्याने जेटीवरच्या आपल्या माणसांना दोन वाक्यांत काय झाले ते सांगितले. मग आत्या म्हणाली, "आमच्या मानसांच्या बी दोन बारक्या होड्या हायेत. पोलिसांना बसवा." सकाळपासून दमलेली ती माणसे, कुणी जेवलेही नव्हते, भराभर होड्यांत उतरली. मी त्यांना बजावले, पुढे फक्त पोलीस जातील, तुम्ही फाट्याचे तोंड धरून थांबायचे. मोठ्या होड्या त्यांनी तोंडावर एकीला एक लावून उभ्या केल्या.

ऊन उतरत असताना आम्ही आत शिरलो. ती होडी चिखलात कलंडून बसली होती, जाळीखाली पिंपेच पिंपे. आम्हाला पाहताच वरच्या माणसांनी उड्या टाकल्या आणि कांदळवनाकडे पळाले. चार पावलांत मांड्यांपर्यंत रुतले. एक जण तर "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडायला लागला. मागून आत्याच्या भाच्याचा आवाज आला, "साहेब, दोर टाकू का? आज आमचं कामच त्ये हाय!" हवालदारापासून शिपायापर्यंत सगळे हसले. खरोखरच दोर टाकून त्यांना एकेक करून बाहेर ओढले आणि बेड्या घातल्या. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला, सीमाशुल्क विभागाला कळवले. आम्ही जेटीला परतलो तेव्हा गावातल्या बायकांनी सगळ्यांसाठी भाकरी आणि कालवण आणून ठेवले होते. आरोपींनाही त्यातलेच वाढले.

दुसऱ्या दिवशी शर्यत पुढे न्यायची की नाही, यावर आयोजक अडखळत होते. मुलींनी प्रश्न सोडवून टाकला. आत्याने त्यांची होडी ओढून आणली होती, जेटीवरच्या सुतारांनी मोडलेली डोलकाठी सांधून दिली होती आणि सकाळी त्या होडीत बसून तयार होत्या. धाकटीच्या पायाला पट्टी होती. आई-वडील रात्रीच येऊन पोहोचले होते. वडिलांनी आत्याला विचारले, "जाऊ देऊ का?" आत्या म्हणाली, "जाऊ द्या दादा. मी हाय मागं."

मी जीपने हरिहरेश्वराला पोहोचलो. किनारा माणसांनी भरला होता, देवदर्शनाला आलेली मंडळीही वाळूवर येऊन उभी होती. पहिला नंबर कुणाचा आला ते मला आठवत नाही. शेवटची होडी आठवते. ठिगळ लावलेले शीड, सांधलेली काठी, मागे आत्याची होडी आणि तिच्या मागे सोबतीच्या सगळ्या होड्या. आपापला टप्पा संपल्यावर कुणी घरी गेले नव्हते. होडी वाळूला लागली तेव्हा जो आवाज उठला तसा मी नंतर कधी ऐकला नाही. माझा कडक हवालदार टोपी काढून हवेत हलवत होता. मी त्याला टोकले नाही, कारण मी स्वतः टाळ्या वाजवत होतो.

गर्दी ओसरल्यावर नाखवा एका खडकावर गुडघा चोळत बसला होता. मनातली शंका मी त्याला विचारली. या प्रकारानंतर माणसे सेटवरच्या हाकेवर विश्वास ठेवतील का?

तो म्हणाला, "साहेब, परत हाक आली तर परत जाणार. खोटी निघाली तर बरंच की. कोण बुडालं न्हाय म्हणायचं."

खटला उभा राहिला, सगळ्यांना शिक्षा झाल्या. पोलिसाला नोकरीत संशय घ्यायला शिकवतात, आणि ते शिकणे गरजेचेही आहे. मी संशय घेतला म्हणून माल सापडला. पण त्या दोन मुली संशयाने वाचल्या नाहीत, आणि आरोपीही माझ्या प्रश्नांनी फुटला नाही. नंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी हे प्रकरण सांगितले. संशय घेणे आपले काम आहे, ते चोख करा. पण आपल्या हद्दीत हाकेला धावणारी माणसे कोण आहेत, हे पहिल्या आठवड्यात शोधून ठेवा आणि त्यांच्याशी नीट वागा. पुढच्या वर्षी शर्यतीसाठी सोबतीच्या होड्या मागितल्या तेव्हा आदल्या वर्षीपेक्षा जास्त होड्या आल्या.