पाठ फिरवून बसणारे मामा

अहमदपूरच्या स्टँडसमोर लॅपटॉप दुरुस्त करणारे एक मामा हायेत. त्यांची नक्कल मी हमखास करतो. मान तिरपी, डोळे अर्धे मिटलेले अन् शब्द रबरासारखा ताणलेला, "घाई करायची न्हाईईई."

माझ्या जुन्या पातळ लॅपटॉपची हार्डडिस्क कटकट करायला लागली, तवा त्यांच्याकडंच गेलो. माझ्या सगळ्या नकला तिच्यातच रेकॉर्ड होत्या. त्या गेल्या तर परत तशा जमणार न्हाईत.

मामांनी जुन्या एटीएम कार्डानं झाकण उचकटलं, आधी बॅटरी सोडवली. जुनी हार्डडिस्क काढली, तिच्यातलं सगळं नवीन एसएसडीत, म्हंजी बिनआवाजाच्या डिस्कमधी उतरवून ती आत बसवली. मग खुर्ची रस्त्याकडं फिरवली. गिऱ्हाइकाच्या फायली ते कधीच बघत न्हाईत.

"मालक, तुमचं घर तुम्हीच उघडून बघा. काय गेलं का?"

मी घाईत पहिलीच फाईल उघडली. दुकानभर मामांचाच आवाज घुमला, "घाई करायची न्हाईईई." मला बंद करायचं बटण सापडंना.

मामा वळले न्हाईत. रस्त्याकडं बघतच म्हणले, "आवाज बरोबर यायलाय."

मग मान तिरपी केली.

"पर एवढं लांब मी बोलत न्हाईईई."