उधईनं चाखून सोडलेलं कपाट

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

आज महालक्ष्म्यांचे मुखवटे काढायला गेली, तर कपाटाशेजारच्या भिंतीवर उधईची, म्हणजे वाळवीची, मातीची रेघ! आत सासूबाईंच्या सासूबाईंचे लाकडी मुखवटे. कपाटाला टेकवलेला आंब्याचा पाट तर हातातच भुगा झाला.

पण तीच रेघ कपाटाच्या फळीवर बोटभर चढली होती अन् तिथूनच परत फिरली होती. मुखवटे जसेच्या तसे!

पोरगी वाकून पाहून म्हणे, "मम्मी, इसने तो चखके छोड़ दिया!"

कपाटाचं प्लायवूड उधईचं औषध मुरवलेलं आहे, यांनी हट्टानं आणलेलं. त्या औषधापायी गोंद नीट धरत नाही, म्हणून वरचा लॅमिनेट कोपऱ्यातून सुटून राहिला. "काहून आणलं असलं?" म्हणून दर सणाला आमचं भांडण.

अन् ते न दिसणारं औषध लाकडाच्या थराथरात बसून इतकी वर्षं मुखवटे राखून राहिलं होतं!

सुटलेला कोपरा झाकायला दरवर्षी मी तोरण टांगते. औंदा नाही टांगणार. चौबे कॉलनीतल्या सख्यांनो, हळदीकुंकवाला याल तर त्या कोपऱ्यालेही कुंकवाचं एक बोट लावून जा.