तिरपे चरे

बहात्तर सालचा दुष्काळ, अन् मी एकतीस वर्षांचा. नांदूरघाटच्या अलीकडं आमचं गाव. गावात पिठाची गिरणी एकच, ती माझी. इंजिन माझं, जागा सोसायटीची. दुसरी गिरणी तीन कोसांवर, म्हणून मी मनाला येईल तो दर लावीन या भीतीनं सोसायटीनं दर आपल्या हातात ठेवलेला. जेवढं डिझेल जळेल तेवढ्याचे पैसे, वर माझी ठरलेली मजुरी. मला त्याचा राग नव्हता. लगाम नसता तर त्या साली मी काय केलं असतं, ते मलाच ठाऊक.

तेव्हा रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, तिच्यात बारीक खडे. बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एकदा तोंडातला घास बाहेर काढून ती म्हणाली, "दिवसभर खडी फोडायची अन् घरी येऊन खडीच खायची. तुमच्या गिरणीला काई जमत न्हाई का?"

ते मला लागलं. इंजिनाच्या पट्ट्यावर हलणारी चाळणी बसवायची, खडे खाली गळतील अन् दाणे पुढं सरकतील, असं मी मनात धरलं. पण पत्रा, लाकूड, लोहार, सगळ्याला पैसे लागतात; ते डिझेल वाचवूनच निघणार होते. मी चौथी शिकलेला, पण दगड मला वाचता येतो. गिरणीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावताना चरे सरळ न पाडता तिरपे अन् उथळ पाडून बघितले. तीनदा पीठ जळकं निघालं, बायकांच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्यांदा जमलं. इंजिनाचा आवाजच हलका झाला, डिझेल चौथाईनं कमी लागू लागलं. दर मात्र जुन्याच डिझेलाच्या हिशेबानं मिळत होता, त्या बचतीतून चाळणी होणार होती. लोहाराकडून मी चौकटही करून घेतली.

पुढं माझी जीभच मला नडली. सोसायटीच्या बैठकीत गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले की गिरणीवाल्यानं पीठ जाळायचा धंदा काढलाय. लोक हसले. मी उठलो अन् तिरप्या चऱ्यांची सगळी हकीकत सांगितली. डिझेल किती वाचतं तेही सांगितलं.

चेअरमननी माझी पाठ थोपटली, अन् त्याच बैठकीत वाचलेल्या डिझेलाएवढा दर उतरवला. मी म्हणालो, वर्षभर तरी ते माझ्याकडं राहू द्या, चाळणी करायचीय.

"जे डिझेल जळतच न्हाई, त्याचे पैसे लोकांनी कावून द्यायचे?" चेअरमन म्हणाले. "चाळणी बसव की. तिच्यातबी काई वाचलं तर सांग आमाला."

त्यांचं खोटं नव्हतं. गावात दळणाच्या पैशासाठीही हात आखडत होते. पण माझ्या डोक्याचं मोल त्या बैठकीत कुणालाच दिसलं नाही, ते मी आजही विसरलो नाही.

घरी बायकोनं चाळणीचं विचारलं. मी म्हणालो, "होणार न्हाई." तिनं भाकरी पाण्यात कुस्करली, खडे तळाला बसू दिले अन् वरचं वरचं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपुढं बायका डबे घेऊन बसल्या होत्या. दगडाला टाकी लावायचीय, थोडं थांबा, असं मी त्यांना सांगितलं. डिझेल वाचलं काय अन् जळलं काय, मला मजुरी तेवढीच. मग वरचा दगड उतरवला, अन् तिरपे चरे मोडून पहिल्यासारखे सरळ पाडले.