जानकीचं वाटण

जानकीला कुणी "बस जरा" म्हटलं की ती आणखी एक काम काढायची. सावंतवाडीकडची ही बाई लग्न होऊन गोव्यात आमच्या तुये गावात आली, नवरा लवकर गेला, आणि औद्योगिक वसाहतीतल्या कॅन्टीनमध्ये रांधून तिनं एकुलत्या तनयाला वाढवलं. माझं थंड पेयांचं दुकान तिच्या अंगणाला लागून. आमची भांडणं रोजची, आणि ती मिटायची तिच्याच हातच्या चहावर.

तनया वास्कोला दिलेली. जावई प्रशांत बंदरात पाळीनं कामाला, घरात सासू नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केला. इकडे जानकीला कॅन्टीनच्या ठेकेदारानं जेमतेम आठवड्याची रजा कबूल केली. त्यापुढे लेकीला ऊन ऊन वाढणार कोण, हा घोर तिच्या जिवाला लागला.

मग कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, की जेवण आधीच रांधून गोठवून ठेवता येतं. लगेच बाईनं माझ्या आईस्क्रीमच्या फ्रीजरवर हक्क सांगितला. नारळाचं वाटण लावलेली मुगाची उसळ, म्हणजे तोणाक, कुळथाचं सार, मेथीची पेज, सगळं बेताच्या तिखटाचं. मी आईस्क्रीमचे रिकामे डबे दिले आणि वर चार शब्दही सुनावले, कारण माझं गिऱ्हाईक कोन मागायचं आणि हाती तोणाक लागायचं.

तनयाला मात्र हे पटलं नाही. ती फोनवर रागावून म्हणाली, "बाळंतिणीक कोण शिळा घालता? माका फ्रीजातला नको. तू ये."

जानकीनं फोन ठेवला आणि पुन्हा मूग निवडायला बसली.

नारळाचं वाटण ती पाट्यावरच वाटायची. मिक्सर काय पूजेला ठेवलायस का, असं मी चिडवलं तरी ऐकायची नाही. तिचं वाटण लोण्यासारखं मऊ असे. शेवटच्या खेपेला मात्र ती मधेच थांबत होती आणि डावा हात खांद्यापासून चोळत होती. मी डॉक्टरकडे चल म्हटलं. टोप उचलून हात भरलाय म्हणाली, आणि तनयाला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली. आईस्क्रीमचे डबे संपले होते, म्हणून ते तोणाक श्रीखंडाच्या डब्यांत भरलं.

दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये भाताचा टोप उतरवताना ती कोसळली आणि गेली. पोटुशी तनया आईच्या शेवटच्या दर्शनालाही येऊ शकली नाही.

घरात मयत झालं की शिजलेलं अन्न ठेवत नाहीत. जानकीच्या जावेनं, गंगानं, रडत रडत सगळी पातेली परसात रिती केली आणि मग माझ्या दारात डबे मागायला आली. मी फ्रीजरवर हात ठेवून उभी राहिले.

"मयत तुमच्या घरात झाला," मी म्हटलं. "माझ्या फ्रीजराक कसला सुतक?"

ती पुष्कळ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाई वाईट नव्हती, रीत पाळत होती. पण मलाही जानकीचं तेवढंच राखायचं उरलं होतं.

तनयाला मुलगी झाली. ती इस्पितळातून घरी आल्यावर मी मासेवालीकडून थर्माकोलची पेटी घेतली, बर्फ घातला, डबे भरले आणि बसनं वास्को गाठलं. ओट्यावर पाव आणि हॉटेलातले पार्सलचे डबे पडले होते. प्रशांतचे डोळे जागरणानं सुजलेले. तनया फ्रीजमधलं नको म्हणाली होती, हे माझ्या मनातून जात नव्हतं. मी पेटी उघडली. हाताला आला त्या श्रीखंडाच्या डब्यातलं तोणाक प्रशांतनं गरम केलं.

पहिला घास घेऊन ती थांबली. मला वाटलं, बिघडलं. तिनं पुन्हा चावून पाहिलं. वाटण भरभरीत होतं.

"आयचो हात दुखत होतो काय गो, मावशे?"

आता शपथ कुणासाठी पाळायची? मी सांगून टाकलं, डावा. ती खूप रडली. आपण तिला शिळं नको म्हणालो, हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मलाही रडू आवरलं नाही. मग मीच म्हटलं, आईस्क्रीमच्या डब्यांतलं आधीचं आहे, ते मऊ आहे, तुला बाधणार नाही. ते गरम करते.

तिनं वाटी जवळ ओढली.

"ता मागीर," ती म्हणाली. "दुखत्या हातान केलेला आधी खातंय."