कूर्चेचं कलम आणि माझा साडू

पोलादाची पातळ नळी, तिच्या तोंडाची धार, आणि कापलेली चकती न ठोकता हळूच दाबून बसवणारा दांडा. मुरबाडच्या माझ्या शेडमध्ये, कुणाकडे न शिकता, गुडघ्याच्या ऑपरेशनचं हे हत्यार मी स्वतःच्या हातानं बनवलं.

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, फाटली की चांगल्या जागेची चकती कापून तिथे बसवतात. कापताना कड चिरडली तर ती मरते आणि जोड धरत नाही. आंब्याचं कलम बांधताना मी हेच शिकलो.

माझा साडू कल्याणला डॉक्टरांना हत्यारं विकतो. म्हसा गावच्या जत्रेत सगळ्यांसमोर तो हसला होता, "आमचे कलमवाले आता गुडघे जोडणार!" नंतर माझाच नमुना नेऊन तसलीच हत्यारं बनवली आणि स्वतःच्या नावानं खपवली.

आज दुपारी घाम पुसत दारात उभा. "दादा, डॉक्टर माल परत करतायत. कडा चिरडतात. तू धार कशी लावलीस, सांग ना."

"कलमवाल्याला काय इचारतोस? चहा घे आणि नीघ."

मित्रांनो, त्यानं धार आतून घासली होती. ती बाहेरून घासायची आणि आतली भिंत सरळ ठेवायची. आता हे सगळ्यांसाठी इथे फुकट लिहून टाकलं. चुकलं का माझं?

हेच फक्त त्याच्या कानात सांगायचे तो अडीच लाख देत होता. मी नाय म्हटलं.