चिक्कीची तिसरी लस

ब्रिस्बेनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझे बूट उलटे करून तळवे पाहिले. शेतात गेला होतात का, माती लागली आहे का, विचारलं. मी सगळं खरं सांगितलं, चिवड्याचा डबाही आपणहून उघडून दाखवला. बाहेर धाकटी बहीण सुजाता हात हलवत होती. "दादा, केवढा वाळलास रे!"

ती राहते स्प्रिंगफील्ड लेक्सला. रुंद रस्ते, निलगिरीची झाडं, एकसारखी घरं आणि मधोमध तळं. लांब वाकड्या चोचीचे पांढरे पक्षी कचऱ्याच्या डब्यांत तोंड घालत फिरतात. मुलं त्यांना 'बिन चिकन' (डब्यातली कोंबडी) म्हणतात. दारातच अकरा वर्षांची भाची मैत्री भेटली, कडेवर तपकिरी, कुरळ्या केसांचं पिल्लू.

"मामा, ही चिक्की. शी कान्ट गो आउट. थर्ड शॉट राहिलाय, थ्री वीक्स."

मला हसू आलं. "अगं, आमच्या सोसायटीत लस टोचायला रस्त्यावरची कुत्री मी स्वतः धरतो. एक सुई, डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका. झालं काम, वर्षभर बघायला नको."

"ती रेबीजची," सुजाता म्हणाली. "इथे रेबीज नाहीच. पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या जुलाबांचं, वेगळं असतं, त्याला तिन्ही डोस लागतात."

"दोन झालेत ना?"

"दादा, तू आपला चहा पी."

शनिवार-रविवार मजेत गेला. मेहुण्याने, मिलिंदने, गोल्ड कोस्टचा समुद्र दाखवला. किनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहून मीट पाय (खिमा भरलेली मैद्याची कटोरी) खाल्ली आणि शर्टावर सगळा रस सांडून घेतला. सोमवारी घर रिकामं झालं. मिलिंद ऑफिसला, सुजाता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला, मैत्री शाळेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चिक्की काचेच्या दारावर पाय टेकून कुं कुं करत होती. मुक्या जिवाला कोंडून ठेवण्यापेक्षा चार पावलं फिरवलं तर काय बिघडतं, असं म्हणून मी पट्टा घेतला.

तळ्याकाठच्या गवतावर ती आधी शिंकली, मग वेड्यासारखी धावली. प्रत्येक खांब हुंगला, बदकांवर भुंकली. बाकावर एक म्हातारे गृहस्थ आपला थोराड कुत्रा घेऊन बसले होते.

"लवली. हाउ ओल्ड?"

"थ्री मन्थ्स."

त्यांनी आपल्या कुत्र्याचा पट्टा आखडून धरला. "हॅड ऑल हर शॉट्स, मेट?"

"ऑल डन," मी म्हणालो. का म्हणालो? परक्या देशात कोणी अडाणी समजू नये म्हणून. परतताना रुमालाने तिचे चारही पाय पुसले, घरात कळू नये म्हणून. असे सलग तीन दिवस गेलो.

पुढच्या मंगळवारी सकाळी चिक्कीने खाणं सोडलं. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून 'पार्व्हो' सांगितला. आईकडून आलेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात असतं तोवर ते लशीलाही निष्प्रभ करतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून शेवटचा डोस होईपर्यंत जपायचं. विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. मग त्यांनी विचारलं, ही कुठे बाहेर गेली होती का?

मैत्री रडायला लागली. "आय पुट हर डाउन. घरासमोर. फोटोसाठी, जस्ट वन मिनिट."

"कदाचित," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

मी तिथेच उभा होतो. भिंतीवर मांजरांच्या दातांबद्दल एक तक्ता होता. तो मी दोनदा वाचला.

चिक्कीला वेगळ्या खोलीत सलाइन लावलं. मैत्री जेवेना. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हणालो, "तुझी चूक नाही गं, बाळा."

"इट इज, मामा."

आणि मी नुसता हात फिरवत राहिलो.

गुरुवारी आर्व्होला (दुपारनंतर) फोन आला. चिक्की गेली होती. मैत्री उठून आपल्या खोलीत गेली. सुजाता ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"मी तिला तळ्यावर नेत होतो," मी म्हणालो. "मागच्या आठवड्यात. तीन दिवस."

तिने गॅस बंद केला. "मैत्रीला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय बघतोस? जा."

मैत्री पलंगावर पडून होती. मी सगळं सांगितलं, रुमालाचंही. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी ती पोर शांतपणे मराठीत म्हणाली, "मग मी दवाखान्यात रडत होते, तेव्हा तू तिथेच होतास ना?"

"हो."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मिलिंदबरोबर जाऊन दवाखान्यात तळ्यावरची जागा सांगितली, इतर पिल्लांसाठी. तिथल्या नर्सने ती लिहून घेतली आणि माझे आभार मानले. ते मला ऐकवेना.

आता पुण्यात लोक विचारतात, ऑस्ट्रेलिया कसा वाटला? मी समुद्राचे फोटो दाखवतो. रविवारी फोन होतो. मैत्री नीट बोलते, शाळेतलं सांगते. एकदा आपणहून म्हणाली, "यू डिडन्ट नो, मामा." तळ्यावर नेल्याची चूक तिने माझ्यावरून अशी अलगद उतरवली. दवाखान्यात मात्र मला माहीत होतं. त्याबद्दल ती काही बोलत नाही, आणि विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.